चालायला जावं की पडवीतच सूर्यनमस्कार घालावेत?

नोकरी, शाळेचे डबे, घरातली म्हातारी माणसं, सणवार हे सगळं सांभाळून व्यायाम सुरू करायचा म्हटलं की कोकणात बहुतेकांपुढे तीन वाटा असतात. चालायला जाणं, घरात सूर्यनमस्कार घालणं, नाहीतर मोबाईलवर व्हिडिओ लावून त्याच्याबरोबर हातपाय हलवणं. तिन्हींनी शरीराचं भलंच होतं. पण ऐन पावसात, गणपतीत आणि मुलांच्या परीक्षेच्या दिवसांत यांतलं काय टिकतं, हे बघून निवड करावी असं माझं ठाम मत आहे. जे टिकत नाही ते कितीही चांगलं असलं तरी आपल्या उपयोगाचं नाही.

चालण्यात काही शिकावं लागत नाही आणि पैसे पडत नाहीत. शेजारीण सोबत असली तर अर्धा तास कसा गेला कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे, आणि भरभर चालणं त्यात बसतं. चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतपत श्वास वाढला की वेग बरोबर आहे असं समजावं. एका दमात निदान दहा मिनिटं झाली तरच मोजायची, ही जुनी अट त्या वेळी काढून टाकली गेली. घरसंसारातल्या माणसाला याचा मोठा आधार आहे. मुलाला बसथांब्यावर सोडून येताना भराभर चाललेली सात मिनिटंसुद्धा जमेस धरायची.

अडचण आपल्या हवेची आणि रस्त्यांची आहे. रत्नागिरीकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत. मे महिन्यात मोठ्या उत्साहाने सुरू केलेलं चालणं मृगाच्या पहिल्या सरींत बंद पडतं आणि दिवाळीपर्यंत परत सुरू होत नाही, हे आजूबाजूला दरवर्षी दिसतं. गावातल्या वळणावळणाच्या रस्त्यांना चालणाऱ्यांसाठी वेगळी कडा नसते. दिवेलागणीनंतर गवताच्या कडेने जायचं तर फुरशासारख्या विषारी सापाची भीती, म्हणून हातात बॅटरी आणि पायात बूट हवेतच.

किनाऱ्यालगत राहणाऱ्यांना वाटतं, आपल्याला काय, समोर पुळण, म्हणजे समुद्रकाठची वाळू, आहे. पुळणीवर चालण्यासारखं सुख नाही हे खरंच. पण भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी सहाला सुकती, म्हणजे ओहोटी, असेल तर चालायला ओली, घट्ट वाळू मिळते. आठवड्याने त्याच वेळी पाणी वर आलेलं असतं आणि उरते ती मऊ, उतरती वाळू. तिच्यात पाय रुततात, दम लवकर लागतो, आणि एका बाजूला कलून चालल्यामुळे घोटे नि गुडघे कुरकुरतात. सवय लागायला ठरलेली वेळ लागते आणि समुद्र आपली वेळ बदलत राहतो. म्हणून पुळण रविवारसाठी ठेवावी.

सूर्यनमस्काराला सतरंजी मावेल एवढी जागा पुरते. पडवी असो, ओटी असो की फ्लॅटमधला हॉल, बाहेर धो धो कोसळत असलं तरी काही अडत नाही. सावकाश, श्वासाकडे लक्ष देऊन घातलेले बारा नमस्कार साधारण दहा मिनिटांत होतात. पाठीचा कणा पुढे-मागे वाकतो, दंड आणि खांद्यांना भार मिळतो, मांड्या ताणल्या जातात. मोजणी चुकते म्हणून आमच्याकडे बारा चिंचोके सतरंजीच्या कडेला ठेवतात. एक नमस्कार झाला की एक चिंचोका डावीकडून उजवीकडे. हे काम नातवंडांकडे दिलं की मुलं आपोआप शेजारी उभी राहून घालायला लागतात.

तरी नमस्कारांत सगळं येत नाही. त्यात ढकलण्याचं काम आहे, ओढण्याचं नाही. पूर्वी विहिरीवर रहाटाने पाणी ओढताना पाठीचे आणि हातांचे ते स्नायू रोज राबत. पंप बसले आणि तेवढं काम सुटलं. आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम हवा. त्यासाठी पाण्याने भरलेली छोटी कळशी किंवा दोन बाटल्या पुरतात. किंचित पुढे वाकून, पाठ सरळ ठेवून त्या कमरेपर्यंत ओढायच्या, आणि जोडीला खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं. सूर्यनमस्कारांत डोकं खाली जातं. त्यामुळे रक्तदाब आटोक्यात नसेल, काचबिंदू किंवा हर्निया असेल, किंवा बाई गरोदर असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं.

व्हिडिओ शिकायला चांगला, रोजच्या आधाराला नाही. पावसाळ्यात वीज जाते, रेंज जाते, आणि दमट लादीवर उड्या मारताना पाय सरकतो. आसनं नीट बघून घेण्यापुरता तो लावावा.

‘दिवसभर घरकाम करते, तोच माझा व्यायाम’ असं कितीतरी बायका म्हणतात. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. अंगण झाडताना, पाणी भरताना श्वास वाढतो, तेवढे श्रम मोजावेतच. पण ओट्याशी तासन् तास उभं राहणं आणि वाकून भांडी घासणं यांनी शरीर थकतं, मजबूत होत नाही. तिच्यासाठी वेगळी दहा मिनिटं काढून देणं ही घरातल्या बाकीच्यांची जबाबदारी आहे. तेवढा वेळ कुकरकडे दुसऱ्या कोणीतरी बघावं.

वेळ म्हणाल तर उन्हाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात सकाळी सातच्या आतच बरं. दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग लवकर तापतं. आंब्याच्या हंगामात पहाटेपासून बागेत असणाऱ्यांनी मात्र संध्याकाळी आंघोळीच्या आधीची वेळ धरावी. घड्याळापेक्षा रोज होणाऱ्या एखाद्या कामाला व्यायाम जोडलेला बरा, जसं की दात घासले की सतरंजी पसरायची. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या एका अभ्यासात अशी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही.

तेव्हा गणपतीला चाकरमानी घरी येण्याच्या तोंडावर नवा नेम धरू नये, दसऱ्याला सुरुवात करावी. माझी निवड पडवीतले नमस्कार आणि आठवड्यातून दोनदा कळशी ही आहे. पाऊस सरल्यावर त्यात चालणं घालायचं, कारण एकट्या दहा मिनिटांनी आठवड्याची १५० भरत नाहीत. गुडघे दुखणाऱ्यांनी चालण्यापासून सुरुवात करून पावसाळ्यात घरातल्या घरात फेऱ्या माराव्यात. पासष्टीच्या पुढच्यांनी तोल सांभाळण्याचा सराव आठवड्यातून तीनदा तरी जोडावा. खांबाला एक हात धरून एका पायावर दहा आकडे उभं राहायचं, मग दुसऱ्या पायावर. शेवाळलेल्या अंगणात पाय घसरलाच, तर सावरायला हाच सराव कामाला येतो.