हायब्रिडचं हँडल, मडगार्ड आणि रविवार कारंज्यामागचे काका

नवी हायब्रिड सायकल (रोड बाइक आणि माउंटन बाइक यांच्या मधली, सरळ हँडलची) घेणाऱ्याने किमतीच्या वर तीन-चार हजार रुपये आणि एक मोकळी संध्याकाळ वेगळी काढून ठेवावी, असं मी आता ओळखीतल्या प्रत्येकाला सांगते. शोरूममधून बाहेर पडते ती सायकल अर्धीच असते. माझी उरलेली अर्धी नाशिकच्या रविवार कारंज्यामागच्या एका बोळात, पाटी नसलेल्या दुकानात तयार झाली. हा अभिप्राय मुख्यतः त्या दुकानाबद्दल आहे.

आधी सायकल थोडक्यात. ॲल्युमिनियमची फ्रेम, सगळ्यात लहान साइज, ७०० बाय ३८ चे (म्हणजे ३८ मिलिमीटर रुंदीचे) टायर, तारेवर चालणारे डिस्क ब्रेक, पुढे दोन आणि मागे आठ चक्रं. किंमत तीस हजारांच्या आसपास. या किमतीतल्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या सायकली चालवून बघितल्या, माझ्या कामापुरता त्यांच्यात फारसा फरक जाणवला नाही, म्हणून नाव लिहीत नाही. चालायला ती सुरेख आहे. गंगापूर रोडवरून सातपूरला कारखान्यात जायचे माझे सहा-सात किलोमीटर, तेही डब्यासकट, घाम न येता होतात.

अडचण हँडलची होती. माझी उंची पाच फूट दोन इंच. फ्रेम लहान असली तरी हँडल खाली आणि लांब, त्यामुळे सगळा भार तळहातावर यायचा. कामावर पोचेपर्यंत करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर. त्या दोन बोटांची नस तळव्याच्या करंगळीकडच्या कडेने जाते, आणि मनगट मागे वाकवून सतत भार दिला की ती तिथेच दाबली जाते. जिथून सायकल घेतली त्या शोरूममध्ये दाखवलं तर उत्तर मिळालं, ‘मॅडम, हायब्रिड असंच असतं, सवय होईल.’ बधिर बोटांची सवय करून घेण्याची माझी तयारी नव्हती. आम्ही क्वालिटीवाले. माप चुकलं असेल तर माप बदलायचं, माणूस नाही.

कारखान्यातल्या एका फिटरने रविवार कारंज्याचा पत्ता दिला. दुकान म्हणजे दहा बाय आठची खोली, छताला रिम टांगलेल्या, आणि काका पायरीवर बसून काम करणारे. साठीच्या पुढचे असावेत. मी हँडल म्हटलं तर ते म्हणाले, ‘ताई, हँडल नंतर. आधी सीट.’

यासाठीच मला त्यांचं काम आवडलं. सीटचं टोक जरासं खाली झुकलेलं होतं. तसं असलं की माणूस हळूहळू पुढे घसरतो आणि स्वतःला हातांनी मागे ढकलत बसतो; दुखतात हात, दोष सीटचा. फोनमधल्या लेव्हलने सीट सपाट केली. मग मला भिंतीला धरून बसवलं, टाच पॅडलवर, पॅडल अगदी खाली: पाय सरळ व्हायला हवा, कंबर एका बाजूला कलता कामा नये. सीट थोडी वर गेली आणि थोडी मागे सरकली. एवढ्यानेच तळव्यावरचा भार कमी झाल्याचं बसल्याजागी कळलं.

आता हँडल. जुन्या काळ्या सायकलींचं गणित सोपं होतं. हँडलच्या मानेत लांब बोल्ट, तो सैल करायचा, वरून एक ठोका द्यायचा, आतली पाचर सुटली की हँडल हवं तेवढं वर ओढायचं. आजच्या बहुतेक हायब्रिडला तसं काही नसतं. पुढच्या चिमट्याची नळी थेट वरपर्यंत येते आणि स्टेम, म्हणजे हँडल धरणारा आखूड दांडा, तिला बाहेरून आवळून धरतो. नळी कंपनीने जेवढी ठेवली असेल तेवढीच उंची तुमच्या हातात. म्हणून सायकल घेताना स्टेमच्या वर आणि खाली नळीत ओवलेल्या किती चकत्या आहेत, हे बघून घ्या. स्टेमच्या वर चकत्या असतील तर हँडल वर घ्यायला जागा आहे. नळी स्टेमच्या माथ्यालाच कापलेली असेल, तर मग स्टेम उलटा करून बघायचा, नाहीतर नवा स्टेम किंवा बाक असलेलं हँडल घ्यायचं.

माझ्या नशिबाने वर दोन सेंटिमीटरच्या चकत्या होत्या. काकांनी वरची टोपी काढली, स्टेमचे बाजूचे दोन बोल्ट सैल केले, हँडल तारांसकट बाजूला लोंबकळत ठेवलं आणि चकत्या वरून खाली घातल्या. शिवाय स्टेम उलटा केला. तो सात अंशांचा, खाली झुकणारा बसवलेला होता. तोच पालथा घातला की वर जातो. दोन्ही मिळून हँडल जवळजवळ चार सेंटिमीटर वर आलं आणि सेंटिमीटरभर माझ्याकडे. नवा भाग एकही लागला नाही. हेच काम शोरूममध्ये दहा मिनिटांत करता आलं असतं, याचा मला अजून राग येतो.

परत बसवताना काय क्रम धरला ते नीट लिहिते, कारण घरी ॲलन की घेऊन बसणारे बरेच जण असतात. वरच्या टोपीचा बोल्ट हँडलला पकडून ठेवत नाही. त्याचं काम आतल्या बेअरिंगवर योग्य तेवढा दाब देणं. म्हणून बाजूचे बोल्ट सैल असतानाच तो आधी आवळायचा, खेळ जाईपर्यंतच. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवायची आणि दुसऱ्या हाताची बोटं हेडच्या सांध्यावर, म्हणजे चिमटा फ्रेमला मिळतो तिथे, ठेवायची. टकटक जाणवली तर अजून थोडा. हँडल जड फिरायला लागलं तर जास्त झाला. मग चाकाच्या रेषेत हँडल आणायचं, आणि शेवटी बाजूचे बोल्ट आळीपाळीने, एकदम एकच नाही. बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचा आकडा माझ्या स्टेमवर ५ न्यूटन-मीटर असा छापलेला आहे. काकांनी डब्यातून छोटा टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला जोर आला की टक् करणारा पाना, काढला आणि त्या आकड्यावर लावला. पायरीवर बसून काम करणाऱ्या माणसाकडे टॉर्क रेंच! त्याचा टक् आवाज मी रोज शॉप फ्लोअरवर ऐकते. इथे ऐकून फार बरं वाटलं.

हँडल वर गेलं की तारा अपुऱ्या पडू शकतात. त्यांनी ते पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून पाहिलं, गिअर आपोआप बदलत नाही ना, ब्रेक ओढला जात नाही ना. माझ्या पुरल्या. पाच-सहा सेंटिमीटर चढवायचं असतं तर बदलाव्या लागल्या असत्या, असं ते म्हणाले.

ब्रेकच्या दांड्या जमिनीला समांतर होत्या, म्हणजे बोटं टेकवताना मनगट वर मोडणार. त्या खाली झुकवल्या, आता कोपरापासून बोटापर्यंत सरळ रेष येते. दांडीच्या आतल्या अंगाला एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की दांडी हँडलच्या जवळ येते. लहान हाताच्या बायकांनी तो जरूर शोधावा. तळव्याला टेकू देणाऱ्या पसरट ग्रिप घातल्या, स्क्रूने आवळणाऱ्या, म्हणजे पावसात फिरणार नाहीत. बधिरपणा गेला आहे.

बाकीच्या वस्तूंत मडगार्डला सगळ्यात वेळ लागला. नाशिकच्या जुलैमध्ये बिनमडगार्डची सायकल म्हणजे कुडत्याच्या पाठीवर चिखलाची रेघ ठरलेली. ३८ च्या टायरला ४५ मिलिमीटर रुंदीचे पूर्ण लांबीचे मडगार्ड घेतले. सीटखाली चिकटवायच्या आखूड पट्ट्या घेऊ नका, त्या पाय आणि चेन भिजवतात. पुढे डिस्क ब्रेकचा कॅलिपर (डिस्कला पकडणारा भाग) मडगार्डच्या काडीच्या नेमका आड येत होता. काकांनी लांब बोल्ट आणि मधे नळीचा तुकडा घालून काडी बाहेरून नेली. नट सगळे नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, हादऱ्यांनी सैल न होणारे.

कॅरिअर चार बोल्टवर बसणारा घेतला, त्यावर २५ किलोचा छाप आहे. सीटच्या दांड्याला पकडणारे कॅरिअर दिसायला सुटसुटीत, पण डब्याची बॅग टाकली की डावीउजवीकडे फिरतात. सायकल विकत घेतानाच मागच्या चाकाजवळ आणि सीटखाली फ्रेमला आटे पाडलेली भोकं आहेत का, ते बघा. ती नसतील तर पुढे सगळी जुगाडं करावी लागतात.

स्टँड मागचा, लांबी कमीजास्त होणारा. घंटी पितळेची, डाव्या अंगठ्याखाली. आरसा हँडलच्या उजव्या टोकाला, कारण गाड्या उजवीकडूनच ओलांडतात. मागचा दिवा सीटच्या दांड्यावर न लावता कॅरिअरच्या शेवटाला, बॅगेआड जाऊ नये म्हणून. चेनला कव्हर नाही, ते या सायकलींना बसतही नाही. सलवारीला उजव्या घोट्याशी वेल्क्रोची पट्टी बांधते.

सामान आणि मजुरी मिळून साडेतीन हजारांच्या आत काम झालं, त्यात मजुरी तीनशे. मला ती कमी वाटली आणि तसं मी त्यांना सांगितलं.

उणं सांगायचं तर, दुकानात सायकलला लावायचे चांगले दिवे मिळत नाहीत, माझे मी बाहेरून आणले. बिल मिळत नाही. उभं राहायला सावली नाही, आणि संध्याकाळी सहानंतर शाळेच्या पोरांच्या पंक्चरची गर्दी असते, तेव्हा असलं निवांत काम ते घेत नाहीत. पुढचा मडगार्ड आठवड्याभरात वाजायला लागला होता. परत नेल्यावर त्यांनी रबरी वॉशर घातला, सगळे बोल्ट पुन्हा तपासले, गिअरची तार ताणली, आणि पैसे घेतले नाहीत.

हँडलची रुंदी माझ्या खांद्यांना अजून जास्त आहे. दोन्ही टोकांनी दीड-दीड सेंटिमीटर कापून द्या म्हटलं, तर काका म्हणाले, ‘कापलेलं परत जोडता येत नाही ताई. पावसाळाभर चालवा, मग बघू.’ तेवढं काम दिवाळीआधी करून घेणार आहे. जाणार असाल तर सकाळी दहा ते बारा बरं पडतं. सोमवारी दुकान बंद असतं.