मुख्य प्रशिक्षकांना काढावे का? सानपाड्यातील एका फुटबॉल अकादमीविषयी

सानपाड्यातील ज्या खासगी फुटबॉल अकादमीच्या पंधरा वर्षांखालील संघात माझा मुलगा खेळतो, तिच्या मुख्य प्रशिक्षकांना ताबडतोब काढून टाकावे, अशी मागणी पालकांच्या एका मोठ्या गटाने लावून धरली आहे. यंदाच्या लीगमध्ये संघ बहुतेक सामने हरला आणि तळाशी राहिला, हे खरे आहे. या अकादमीत मुलाला घालावे का, असे ओळखीचे लोक मला विचारतात. त्याचे उत्तर या वादापासून वेगळे करता येत नाही, म्हणून दोन्हींविषयी एकत्रच लिहितो. माझ्या मते सरांना आत्ता काढू नये, कारण पराभवांचे मुख्य कारण त्यांच्या हातात नाही.

ते कारण जागेचे आहे. सराव ज्या टर्फवर होतो ते सात-सात खेळाडूंच्या खेळापुरते आहे, आणि संध्याकाळी त्याचाही अर्धा भाग व्यवस्थापन बाहेरच्या गटांना तासाच्या भाड्याने देते. लीगचे सामने मात्र अकरा खेळाडूंचे, पूर्ण मैदानावर होतात, आणि पूर्ण मैदान म्हणजे साधारण 105 मीटर लांब व 68 मीटर रुंद जागा. अर्ध्या टर्फवर बचावफळी आणि मधली फळी यांच्यात अंतर पडतच नाही. त्यामुळे ते अंतर कसे राखायचे, बचावफळीने एकत्र पुढे केव्हा सरकायचे आणि मागे केव्हा यायचे, हे मुलांना सरावात अनुभवायलाच मिळत नाही. आपण खाल्लेले गोल आठवून पाहिले, तर त्यांतले बरेचसे बचावफळीच्या मागे टाकलेल्या लांब चेंडूवर झालेले दिसतात. नवीन प्रशिक्षक आणले, तरी त्यांनाही याच अर्ध्या टर्फवर शिकवावे लागेल.

शिकवण्याच्या बाबतीत सरांकडे निश्चित पद्धत आहे. गोलकीपरने चेंडू उंच उडवून न देता जवळच्या बचावपटूला द्यावा आणि तिथून पासिंग करत पुढे जावे, असा त्यांचा आग्रह असतो. या आग्रहापायी आपल्यावर काही गोल फुकट झाले, यावर पालक नाराज आहेत. तरीही चेंडू येण्याआधी मान वळवून आजूबाजूला पाहण्याची सवय या मुलांना लागली आहे, आणि ती मागच्या वर्षी नव्हती. राखीव मुलांनाही प्रत्येक सामन्यात खेळायला मिळते. पंधरा वर्षांखालील मुलांच्या शिकवणीसाठी आपण फी भरतो, तेव्हा या गोष्टींचे मोल गुणतक्त्यातल्या स्थानापेक्षा जास्त धरायला हवे.

सरांच्या उणिवाही आहेत आणि त्या झाकण्याचे कारण नाही. कॉर्नर आणि फ्रीकिकच्या वेळी कोणी कोणाला अडवायचे, हे ठरलेले नसते. याचा सराव अर्ध्या टर्फवरही करता येतो, त्यामुळे ही चूक सर्वस्वी त्यांची आहे. पालकांशी ते जवळजवळ बोलतच नाहीत. आपण काय शिकवत आहोत आणि त्याला किती काळ लागेल, हे त्यांनी महिन्यातून एकदा समोर बसून सांगितले असते, तर वाद इथवर आला नसता.

व्यावसायिक फुटबॉलमध्ये हरणाऱ्या संघाचा प्रशिक्षक बदलतातच, असे काही पालक सांगतात, पण तिथला अनुभव एकसारखा नाही. 2021-22 च्या इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) गतविजेता मुंबई सिटी एफसी पाचव्या स्थानावर घसरला आणि बाद फेरीलाही मुकला. क्लबने तरीही प्रशिक्षक डेस बकिंगहॅम यांना कायम ठेवले, आणि पुढच्याच हंगामात त्याच संघाने सलग 18 लीग सामने न हरता लीग शील्ड, म्हणजे गुणतक्त्यात पहिल्या येणाऱ्या संघाची ढाल, जिंकली. याउलट भारतीय संघाचे प्रशिक्षक इगोर स्टिमॅच यांना जून 2024 मध्ये काढण्यात आले, त्यांच्यानंतर आलेले मानोलो मार्केझ जुलै 2025 मध्ये गेले, मग खालिद जमील आले, आणि इतके बदल होऊनही 2027 च्या आशिया चषकाची पात्रता हुकली. बदल लागू पडल्याचेही उदाहरण आहे: जानेवारी 2021 मध्ये चेल्सीने फ्रँक लॅम्पार्ड यांच्या जागी थॉमस टुचेल यांना आणले आणि मे महिन्यात चॅम्पियन्स लीग जिंकली. मात्र चेल्सीकडे उत्तम खेळाडू आणि सगळ्या सोयी आधीपासून होत्या. जिथे साधनेच अपुरी आहेत, तिथे माणूस बदलून निकाल बदलेल ही अपेक्षा मला पटत नाही.

सरांनी मुलांचा अपमान केला असता, दुखापत झालेल्या मुलाला मैदानात उतरवले असते, किंवा मुलांनीच त्यांचे ऐकणे सोडले असते, तर मी त्यांना काढण्याच्या मागणीवर सर्वांत आधी सही केली असती. मोठ्या क्लबमध्येही खेळाडूंचा विश्वास उडाला की प्रशिक्षकाला ठेवण्यात अर्थ उरत नाही. इथे तसे काहीच घडलेले नाही. इतक्या पराभवांनंतरही मुले सरावाला वेळेआधी पोहोचतात आणि सराव संपल्यावर सरांभोवती प्रश्न विचारत थांबतात.

व्यवस्थापनाकडे माझी मागणी अशी आहे की आठवड्यातला निदान एक सराव पूर्ण मैदानावर घ्यावा, मग त्यासाठी जागा भाड्याने घ्यावी लागली तरी चालेल, आणि उरलेल्या दिवशी संपूर्ण टर्फ मुलांना मिळावे. एवढे करूनही पुढच्या हंगामाच्या मध्यापर्यंत बचावात सुधारणा दिसली नाही, तर सरांच्या पदाचा विचार अवश्य व्हावा.

नवीन प्रवेश घेणाऱ्यांना सांगायचे तर दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी ही अकादमी मी निःसंकोच सुचवीन, कारण त्या वयात लहान मैदानच योग्य असते आणि पायाभूत शिकवणी इथे चांगली मिळते. मोठ्या मुलाच्या पालकांनी मात्र पूर्ण मैदानावरचा सराव केव्हा सुरू होणार, हे व्यवस्थापनाला स्पष्ट विचारावे आणि उत्तर मिळाल्यावरच वर्षाची फी भरावी.