लोगोत उपमा हवी की नुसतं नाव?

लोगो करून घ्यायला गेलात की सहसा दोन प्रकारचे नमुने समोर येतात: एकात चित्रातून साधलेली उपमा, दुसऱ्यात सुबक अक्षरांत फक्त नाव. माझ्या मते निवड करण्याआधी एकच पाहावं. तुम्ही जे विकता, ते डोळ्यांना दिसतं का?

विमा दिसत नाही. म्हणून एलआयसीचं चिन्ह इतकं चपखल बसलंय. दिव्याची ज्योत आणि तिला दोन्ही बाजूंनी आडोसा देणारे हात. वाऱ्यात दिवा नेताना आपण हात असेच धरतो, त्यामुळे अक्षरओळख नसलेल्यालाही अर्थ कळतो. अडचण आकाराची. बोटांचे बारकावे रबरी शिक्क्यात किंवा मोबाइलच्या आयकॉनमध्ये गिचमिड होतात.

स्टेट बँकेचं चिन्ह याच्या नेमकं उलट. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेत शेखर कामत यांनी १९७१ मध्ये केलेलं. निळी चकती, मधोमध छोटं वर्तुळ आणि तिथून सरळ खाली उतरणारी फट: कुलपाचं भोक. कितीही लहान करा, ते मोडत नाही. पण पाहताक्षणी कुलूपच सुचेल असं नाही. कित्येकांना त्यात अहमदाबादचा कांकरिया तलाव दिसतो. गावोगावच्या पाट्यांवर वर्षानुवर्षं दिसत राहिलं, म्हणून ते अंगवळणी पडलं. नव्या पतसंस्थेला एवढी सवड नसते. तिने एलआयसीसारखी थेट उपमा घ्यावी, फक्त रेषा निम्म्या ठेवाव्यात.

फेडेक्स या कुरिअर कंपनीचा १९९४ चा लोगो अनेकांना खुणावतो. लिंडन लीडर यांनी ‘ई’ आणि ‘एक्स’ या रोमन अक्षरांमधल्या मोकळ्या जागेत बाण दडवला. सुंदरच काम! पण बाण दिसला नाही तरी नाव स्वच्छ वाचता येतं, हे विसरू नका. देवनागरीत शिरोरेषा अक्षरं जोडते, त्यामुळे मधली जागा वरून बंद होते आणि असा खेळ अवघड जातो. मग वेलांटीचं पान केलं जातं, कान्याची मेणबत्ती होते आणि नाव वाचायला माणूस थबकतो. हा सौदा तोट्याचा.

मसाले, मिठाई, साड्या विकत असाल तर माल स्वतःच बोलतो. तिथे उपमा शोधण्यापेक्षा तो खर्च चांगल्या अक्षरलेखनावर करा. दातांच्या दवाखान्यावरचा दात तर उपमाही नव्हे, नुसतं चित्र. शेजारच्या दवाखान्यावरही तोच असतो.

उपमेचा नमुना आवडलाच, तर तो एका रंगात, नखाएवढा छापून घरच्या कुणाला तरी दाखवा आणि काय दिसलं ते विचारा. तुम्हाला समजावून सांगावं लागलं, तर नावाचा नमुना घ्या.