स्लाईड, किट का पीसीआर? गायीचा हिशोब वेगळा, कुत्र्याचा वेगळा

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला मेव्हण्याचा फोन. "दाजी, कालवडीला १०५ ताप आहे, डॉक्टर म्हणतात स्लाईड पाठव, लॅबवाला म्हणतो डायरेक्ट पीसीआर कर, आणि मेडिकलवाल्याकडं कसलंतरी किट आहे, करू काय?" त्याला फोनवर सांगितलं तेच जरा नीट लिहितोय, कारण गोचिडीतून येणाऱ्या रक्ताच्या रोगांना कोणती टेस्ट करायची, हा प्रश्न गोचीड वाढली की दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. मी डॉक्टर नाही, गोठ्यात आठ संकरित गाया आणि दारात एक लॅब्राडोर, तिन्ही टेस्टचे पैसे भरून झालेत, त्यातले काही वाया पण गेलेत.

आधी स्लाईड, कारण ती सगळ्यात स्वस्त आहे आणि लोक तिलाच सगळ्यात कमी लेखतात. काचेवर रक्ताचा थेंब, दुसऱ्या काचेनं तिरकं धरून ओढायचा, वाळवायचा, गिम्सा रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. शंभर वर्षांपेक्षा जुनी पद्धत, पण ताप चढलेला असताना आणि औषध टोचायच्या आधी घेतली तर बबेसिया हा परजीवी तांबड्या पेशीत जोडीजोडीनं बसलेला दिसतो, ॲनाप्लाझ्मा या जंतूचा ठिपका पेशीच्या कडेला दिसतो, आणि तासा-दोन तासात उत्तर हातात. थायलेरिया या तिसऱ्या परजीवीचं मात्र जरा वेगळं आहे. खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी सुजलेली असेल तर नुसत्या रक्तावर थांबू नका, त्या गाठीत सुई घालून पाणी काढायला सांगा, त्यातल्या पांढऱ्या पेशींत निळ्या रंगाचे ते 'कॉखचे कण' दिसतात. रक्तात परजीवी दिसायच्या आधी ते गाठीत सापडतात, म्हणजे तेवढे दिवस आपल्या हातात राहतात, आणि संकरित जनावरात दोन दिवस म्हणजे खूप झाले.

स्लाईड फसते ती बहुतेक आपल्याच चुकीनं. आमच्या एका गाईची लघवी काळ्या कॉफीसारखी झालेली, एकानं येऊन आधी डायमिनाझीन हे बबेसियावरचं औषध टोचलं आणि दुसऱ्या दिवशी रक्त काढलं, रिपोर्ट निगेटिव्ह!! निगेटिव्ह येईल नाहीतर काय, बबेसिया त्या औषधानं भराभर उतरतो. म्हणून आता गोठ्यातल्या कपाटात काचा धुऊन ठेवलेल्याच असतात, डॉक्टर आले की पहिल्यांदा कानाच्या टोकाला टोचून स्लाईड, मग इंजेक्शन. कानाचं टोकच का, तर बारीक रक्तवाहिन्यांत परजीवी जास्त सापडतात. आणि हो, वाळत ठेवलेल्या स्लाईडवर माशा बसू देऊ नका, चक्क खातात, एकदा अर्धी स्लाईड साफ केलेली मी बघितलीय.

स्लाईडवर एखाद-दुसरा थायलेरिया दिसला म्हणजे आजच्या तापाचं कारण तोच, असंही धरू नका. बरी झालेली गाय आतून परजीवी बाळगून असते, वर्षानुवर्ष. गाठ सुजलीय का, डोळे-हिरड्या पांढऱ्या पडल्यात का, हे धरून डॉक्टरनं ठरवायचं, कारण थायलेरियावरचं बुपारवाकोनचं इंजेक्शन काय फुकट येत नाही.

गाईसाठी किट? मी तरी घेत नाही. हे रॅपिड किट बहुतेक अँटीबॉडी दाखवतं, म्हणजे शरीराची त्या रोगाशी कधीतरी गाठ पडलीय एवढंच. आपल्याकडं गोचिडात वाढलेल्या मोठ्या जनावरात ती सापडणारच, आणि लस टोचली असेल तरी सापडणार. आज ताप कशाचा, ते राहिलंच.

कुत्र्याचं मात्र गणित उलटं होतं, इथं किटला अर्थ आहे. कुत्र्यात आपल्याकडं मुख्य त्रास एहर्लिकियाचा, तपकिरी गोचिडीतून येतो, प्लेटलेट धडाधड पडतात, कधी नाकातून रक्त. व्हिएतनाम युद्धात अमेरिकन सैन्याचे शेकडो जर्मन शेफर्ड यानंच गेले. आता हा जंतू पांढऱ्या पेशीत बसतो आणि स्लाईडवर क्वचितच दिसतो, त्यामुळं कुत्र्याची स्लाईड स्वच्छ आली म्हणून खूश होऊ नका. किट दहा-पंधरा मिनिटात दवाखान्यातच उत्तर देतं. पण दोन खड्डे आहेत. लागण ताजी असेल तर पहिला आठवडाभर, कधी त्याहून जास्त, अँटीबॉडी तयारच झालेली नसते, किट निगेटिव्ह दाखवतं आणि कुत्रं तापानं फणफणलेलं. दुसरा खड्डा म्हणजे २८ दिवस डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन) देऊन कुत्रं ठणठणीत झालं तरी किट पुढं कित्येक महिने पॉझिटिव्हच. आमच्या लॅब्राला असंच झालं, बरा झालेला, उड्या मारतोय, आणि एका ठिकाणी पुन्हा किट करून पुन्हा महिनाभराचा कोर्स गळ्यात मारला. बरा झाला का ते बघायला किट वापरायचंच नाही, प्लेटलेट मोजा, ते स्वस्तात होतं.

पीसीआर म्हणजे परजीवीचा डीएनएच शोधणं, त्यामुळं थोडा असला तरी पकडतं आणि नेमकी जात सांगतं. जात कळणं का महत्त्वाचं, तर कुत्र्यातला छोटा बबेसिया, गिब्सोनी. पहिल्यांदा वर्णन झालं तेच भारतात, १९१० मध्ये मद्रासच्या शिकारी कुत्र्यांत. मोठ्या बबेसियाला जे डायमिनाझीन चालतं ते याला नीट चालत नाही, ॲटोव्हाक्वोन आणि ॲझिथ्रोमायसिन द्यावं लागतं, आणि ते महाग. एवढा खर्च करायच्या आधी पीसीआर करून घेतलेलं बरं, आणि कोर्स संपल्यावर परत पीसीआर, साधारण ६० आणि ९० दिवसांनी, कारण हा लपून बसतो.

तोटा काय तर वेळ. नमुना बर्फात शहरात जाणार, रिपोर्टला दोन-चार दिवस, आणि तापलेली संकरित गाय तेवढी थांबत नाही. शिवाय बाधा बाळगून असलेली निरोगी गाय पीसीआरला पण पॉझिटिव्हच येणार, उलट स्लाईडपेक्षा जास्त.

स्लाईड आणि पीसीआर दोन्हींची जागा कुठं ते बघायचं तर चंद्रपूर जिल्ह्यातली २००४ ची केस बघा. एका शेतकऱ्याला महिनोन् महिने ताप येतोय-जातोय, शेवटी रक्ताच्या स्लाईडवर ट्रिपॅनोसोम सापडले. जनावरातल्या सर्रा या रोगाचा परजीवी, माणसात होत नाही असंच सगळे धरून चाललेले! सापडला तो साध्या स्लाईडवर, पण हा सर्राचाच आहे हे पक्कं करायला पीसीआर लागलं. नंतर संशोधनात कळलं की माणसाच्या रक्तात या परजीवीला मारणारं जे प्रोटीन असतं ते त्या माणसात नव्हतंच. सुरामिन या औषधानं तो बरा झाला.

मग मेव्हण्याला काय सांगितलं? आत्ताच्या आत्ता कानाच्या टोकाची स्लाईड, गाठ सुजलीय तर गाठीची पण, आणि जांभळ्या झाकणाच्या बाटलीत दोन मिली रक्त काढून फ्रीजमध्ये, पण सगळं इंजेक्शनच्या आधी. स्लाईडवर सापडलं तर बाटली तशीच राहू दे. नाही सापडलं आणि डॉक्टरला संशय असेल तर त्यांनी उपचार सुरू करावेत आणि सकाळी बाटली पीसीआरला जावी. किट मेडिकलवाल्याकडंच राहू दे. बाजारातून नवी गाय आणायची असेल तर पीसीआरचे पैसे वाचव, त्यातून गोचिडाचं औषध आण आणि तीन-चार आठवडे वेगळी बांध.

गाठीत निळे कण सापडले. बाटली अजून त्याच्या फ्रीजमध्ये आहे, ताकाच्या तांब्याशेजारी, त्याची बायको रोज शिव्या घालतीय.