संघावर बंदी की दोषींवर कारवाई?

महाविद्यालयाच्या क्रीडा विभागातला गैरप्रकार उघडकीस आला आणि चौकशी समितीत आपले नाव लागले, की सगळी चर्चा शेवटी दोनच पर्यायांपाशी येऊन ठेपते. संपूर्ण संघाला स्पर्धेबाहेर बसवायचे, की ज्यांनी गैरप्रकार केला किंवा झाकला त्यांच्यापुरतीच कारवाई करायची? अशा समितीवर मी दोनदा काम केले आहे. पहिल्या वेळी संघबंदीच्या ठरावावर मी सही केली, दुसऱ्या वेळी केली नाही. मत बदलण्याचे कारण माझ्या अनुभवातले असले, तरी त्याची चाचपणी मी अमेरिकेतील प्रकरणांवर करून पाहिली, कारण तिथे हे दोन्ही मार्ग पुरेपूर वापरून झालेले आहेत.

संघबंदीच्या बाजूने सर्वांत वजनदार उदाहरण डलासच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचे. खेळाडूंना चोरून लाभ दिल्याबद्दल तिथल्या अमेरिकन फुटबॉल संघाला १९८५ मध्ये शिक्षा झाली होती. तरीही एका धनिक पाठीराख्याच्या पैशांतून १३ खेळाडूंना दरमहा ५० ते ७२५ डॉलर मिळतच राहिले. ही देणी चालू ठेवण्यास नियामक मंडळातील मंडळींचीच संमती होती, अशी कबुली त्या मंडळाचे माजी अध्यक्ष आणि टेक्सासचे गव्हर्नर बिल क्लेमेंट्स यांनी मार्च १९८७ मध्ये दिली. त्याच्या आदल्याच महिन्यात एनसीएएने, म्हणजे अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांच्या नियामक संघटनेने, संघाचा १९८७ चा हंगाम रद्द केला होता. १९८८ चा हंगाम विद्यापीठाने स्वतःहून सोडला. जिथे देणाऱ्यापासून मंजुरी देणाऱ्यापर्यंत सगळेच सामील आहेत आणि एकदा शिक्षा होऊनही कोणी सुधारलेले नाही, तिथे दोन-चार माणसे काढून टाकणे ही वरवरची मलमपट्टीच ठरली असती, हे मला मान्य आहे. मात्र त्या संघाला पुढचा बोल सामना, म्हणजे हंगामाअखेरीचा मानाचा सामना, खेळायला २००९ साल उजाडावे लागले, हेही त्याच हिशेबात धरायला हवे. आघाडीच्या दुसऱ्या कोणत्याही फुटबॉल संघावर एनसीएएने पुन्हा तशी शिक्षा लादलेली नाही.

पेन स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे प्रकरण याहून कितीतरी गंभीर आहे, आणि त्याविषयी लिहिताना मुळात अत्याचार झाले ते लहान मुलांवर, हे क्षणभरही नजरेआड होता कामा नये. माजी सहायक प्रशिक्षक जेरी सँडस्की याला जून २०१२ मध्ये ४५ आरोपांत दोषी ठरवण्यात आले. विद्यापीठाच्या वरिष्ठांनी वेळीच हालचाल केली नाही, हेही पुढे आले. जुलै २०१२ मध्ये एनसीएएने ६ कोटी डॉलरचा दंड, चार वर्षे बोल सामन्यांवर बंदी, शिष्यवृत्त्यांत मोठी कपात आणि १९९८ पासूनचे ११२ विजय रद्द, अशी शिक्षा सुनावली. फुटबॉलच्या दबदब्यामुळेच गप्प बसणे सोयीचे झाले असेल, तर त्या दबदब्यालाच धक्का दिला पाहिजे, या म्हणण्यात तथ्य आहे. पण सँडस्कीने प्रशिक्षकपद सोडले १९९९ मध्ये. २०१२ साली त्या मैदानावर उतरलेला अठरा वर्षांचा मुलगा तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा होता. आणि शिक्षेचे पुढे झाले काय? बोलबंदी आणि शिष्यवृत्तींची कपात २०१४ मध्ये मागे घेतली गेली, विजय जानेवारी २०१५ मध्ये परत मिळाले. मुलांवरील अत्याचार रोखण्यासाठी व पीडितांच्या मदतीसाठी खर्चायचे ६ कोटी डॉलर मात्र कायम राहिले, आणि जबाबदार अधिकारी २०१७ मध्ये न्यायालयात दोषी ठरले. म्हणजे शिक्षेचा जो भाग खेळाडूंच्या वाट्याला आला होता तो टिकला नाही, तिजोरीवरचा आणि माणसांवरचा भाग टिकला. मधल्या दोन हंगामांत शिक्षण संपवून गेलेल्या खेळाडूंना मात्र त्यांचा बोल सामना कोणीही परत देऊ शकले नाही.

आता माझा निर्णय ज्या एका गोष्टीने फिरवला तिच्याकडे येतो. आमच्याकडच्या एका महाविद्यालयाच्या कबड्डी संघात खोट्या बोनाफाईडवर बाहेरचा एक चढाईपटू खेळवला गेल्याचे सिद्ध झाले होते. कागदपत्रे क्रीडाशिक्षकांनी तयार केली होती. चौकशीला अकरा महिने लागले. आम्ही संघावर दोन वर्षांची बंदी घातली, आणि कठोर पण योग्य काम केले असे समजून मी घरी आलो. पुढच्या हंगामात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला पाहुणा म्हणून गेलो, तर तेच क्रीडाशिक्षक दुसऱ्या महाविद्यालयाचा नवा कोरा ट्रॅकसूट घालून मॅटच्या कडेला उभे होते आणि आपल्या संघाला सूचना देत होते. आमचा आदेश पोहोचण्याआधीच त्यांनी नोकरी बदलली होती. आदेशात महाविद्यालयाचे नाव होते, त्यांचे नव्हते. बंदी असलेल्या संघातला तिसऱ्या वर्षाचा एक डावा कोपरारक्षक त्या दिवशी गुणफलकावर आकड्यांच्या पाट्या बदलायला बसवला होता. गैरप्रकार झाला तेव्हा तो राखीव खेळाडूंतही नव्हता. मला ओळखून तो उठून उभा राहिला, “नमस्कार सर” म्हणाला आणि पुन्हा पाट्या लावू लागला. विद्यापीठ संघाची निवड त्याच स्पर्धेतून होत होती, आणि ते त्याचे शेवटचे वर्ष होते.

हा योगायोग असता तर मी त्यावरून मत बनवले नसते. पण सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातही हेच घडलेले दिसते. तिथला फुटबॉलपटू रेजी बुश याने घेतलेल्या गैरलाभांबद्दल जून २०१० मध्ये संघावर दोन वर्षांची बोलबंदी आली आणि ३० शिष्यवृत्त्या गेल्या. तोवर बुश चार वर्षे व्यावसायिक फुटबॉल खेळत होता, आणि प्रशिक्षक पीट कॅरोल त्याच वर्षी जानेवारीत सिअ‍ॅटलच्या व्यावसायिक संघाकडे गेले होते. चौकशीला वेळ लागणारच, आणि महाविद्यालयातला खेळाडू तीन-चार वर्षांत बाहेर पडणारच. त्यामुळे संघबंदी बहुतेक वेळा चुकीच्या पिढीच्या डोक्यावर येऊन आदळते.

दुसरा पर्यायही निर्दोष नाही, आणि त्याचा दोष मी दुसऱ्या समितीत स्वतः पाहिला. व्यक्ती शोधायला निघालेली चौकशी फार लवकर सर्वांत खालच्या माणसापाशी थांबते, आणि एखादा कंत्राटी प्रशिक्षक किंवा कार्यालयातला लिपिक बळी देऊन संस्थाचालक मोकळे होतात. म्हणून नुसत्या व्यक्तिगत कारवाईला मी होकार देणार नाही. तिच्या जोडीला संस्थेच्या खिशाला जाणवेल असा दंड आणि गैरमार्गाने मिळवलेला चषक परत घेणे, हे हवेच. एनसीएएही हळूहळू इकडेच वळलेली दिसते. प्रतिस्पर्ध्यांच्या डावपेचांचे इशारे चोरल्याच्या प्रकरणात ऑगस्ट २०२५ मध्ये मिशिगन विद्यापीठावर कोट्यवधी डॉलरचा दंड बसला, पण बोलबंदी लादली गेली नाही, कारण तिचा भार निर्दोष खेळाडूंवर पडला असता. तोवर व्यावसायिक संघाकडे गेलेले मिशिगनचे प्रशिक्षक जिम हार्बॉ यांच्यावर मात्र दहा वर्षांचे निर्बंध आले, आणि ते त्यांच्या नावावर आहेत. त्या मुदतीत त्यांना नेमू पाहणाऱ्या कोणत्याही महाविद्यालयाला आधी त्याचा जाब द्यावा लागेल.

आपल्यासमोरचे प्रकरण सदर्न मेथडिस्टसारखे असेल, म्हणजे आधीची शिक्षा पचवून वरिष्ठांच्या संमतीने तोच प्रकार पुन्हा झाला असेल, तर संघबंदीचा विचार जरूर करावा. तेव्हाही निर्दोष खेळाडूंना त्याच हंगामात दुसऱ्या महाविद्यालयाकडून खेळण्याची मुभा आदेशातच लिहून द्यावी. एरवी माझा कौल दुसऱ्या बाजूला आहे. दुसऱ्या प्रकरणात आम्ही संघाला खेळू दिले, संस्थेला दंड केला, आणि दोषींची नावे व बंदीची मुदत लिहिलेले पत्र विद्यापीठाशी संलग्न प्रत्येक महाविद्यालयाच्या प्राचार्यांना पाठवले. त्या पत्राचा मसुदा मी स्वतः केला होता, आणि पहिल्याच ओळीत महाविद्यालयाच्या नावाआधी माणसांची नावे घातली होती.