गर्भाशय शिवताना: एक थर की दोन?

सिझेरियनमध्ये वार निघाली की हा प्रश्न येतोच, आणि रेसिडेन्सीत बहुतेकजण युनिटच्या सरांची पद्धत तशीच उचलतात. पण निवड तुमच्या हातात असेल, तर थर मोजण्याआधी लॉकिंगचं, म्हणजे प्रत्येक टाका आधीच्या लूपमधून ओढून अडकवण्याचं, बघा.

एका थराने वेळ वाचतो, पण फार नाही. नेदरलँड्समधल्या २क्लोज अभ्यासात (२०२१) फरक जेमतेम ४ मिनिटांचा होता. नऊ महिन्यांनी पाळीनंतरचं स्पॉटिंग दोन्हीकडे सारखंच. सात देशांतल्या कोरोनिस या सिझेरियन तंत्रांच्या चाचणीच्या तीन वर्षांच्या पाठपुराव्यातही एक थर आणि दोन थर यांत फरक दिसला नाही. अर्थात रप्चर, म्हणजे पुढच्या गरोदरपणात जुनी शिवण फाटणं, इतकं विरळ, की एवढ्यावर दोन्ही सारखेच असं छातीठोक सांगता येत नाही.

मग एका थराची धास्ती आली कुठून? कॅनडातल्या २००२च्या अभ्यासात नंतर नॉर्मल डिलिव्हरीचा प्रयत्न केलेल्यांमध्ये रप्चर एका थरात ३.१ टक्के, दोन थरांत ०.५ टक्के निघालं. पुढे अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा वाढीव धोका लॉक केलेल्या एका थरातच ठळक दिसला. कारण टेबलावर डोळ्यांनी दिसतं: लूप घट्ट ओढला की कडेचा स्नायू पांढरा पडतो. रक्तपुरवठा तुटलेली कड पातळ भरून येते. अँगलमधून, म्हणजे छेदाच्या टोकातून, रक्त थांबत नसेल तर तेवढ्यापुरतं लॉक जरूर करा. सवय म्हणून अख्खी शिवण नको.

पुढे मूल हवं असेल आणि कडा जाड असतील, तर मी दोन थर, दोन्ही बिनलॉक, असंच सांगेन. वरची कड जाड आणि खालची पातळ असते, म्हणून पहिल्या थरात दोन्ही कडा नीट जुळवा आणि दुसऱ्यात उरलेला स्नायू जवळ आणा. त्याच वेळी नसबंदी होणार असेल तर एक थर पुरे. लांबलेल्या कळांनी गर्भाशयाचा खालचा भाग कागदासारखा झाला असेल, तर दुसरा थर ओढूनताणून घालू नका, टाका मांस कापत जातो. डेसिड्युआ (गर्भाशयाचं आतलं अस्तर) टाक्यात घ्यायचा की नाही, हा वाद अजून मिटलेला नाही. धागा क्रोमिक कॅटगट की पॉलिग्लॅक्टिन, यातही कोरोनिसला फरक सापडला नाही.

आणि नोट्समध्ये नुसतं ‘गर्भाशय शिवलं’ लिहू नका. किती थर, लॉक की बिनलॉक, अँगल फाटला होता का, हे लिहा. पुढच्या बाळंतपणात नॉर्मलची वाट पाहायची का, हे ठरवणाऱ्या डॉक्टरला तेच लागेल.