मक्याच्या खोडकुजीवर ब्लीचिंग पावडर : स्वस्त आहे, पण वेळ चुकली की वाया

33 टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, ग्रामपंचायत विहिरीत टाकते तीच. जिवाणूच्या खोडकुजीसाठी हेक्टरी 10 किलो, म्हणजे एकरी 4 किलो, तुरा निघायच्या आधी पाण्यात कालवून बुंध्याशी ओतायची शिफारस आहे. 5 पैकी साडेतीन गुण.

आधी रोग ओळखा. 30 ते 35 अंश तापमान, दमट हवा आणि भारी काळ्या वावरात साचलेलं पाणी जमलं, की मागच्या पिकाच्या धसकटांतला जिवाणू पाण्याबरोबर पसरतो. खोडकिड्याचं छिद्र किंवा डवरणीत लागलेली जखम त्याला आत शिरायला पुरते. जमिनीजवळची पेरं तपकिरी, लिबलिबीत होतात, शेंडा सुकतो, झाड त्याच पेरातून लोळतं. खोड उभं चिरा: आंबूस घाण वास आला तर हाच रोग. वास नाही, खोड कोरडं आणि आत काळे बारीक कण, तर ती पाण्याच्या ताणात येणारी बुरशीची कूज. तिथे पावडर घालू नका.

60 बाय 20 सेंटिमीटरवर एकरी 33 हजारांच्या आसपास झाडं बसतात. 200 लिटरच्या प्लास्टिक ड्रमला अर्धा किलो, असे 8 ड्रम केले तर झाडाला जेमतेम 50 मिली येतं. पावडरीतला चुना खाली बसू द्या, नाहीतर नळी तुंबते. पितळी भागांचा पंप वापरू नका, गंजतो. पानांवर पडू देऊ नका. युरिया, अमोनियाची खतं किंवा कुठलंही औषध यात मिसळायचं नाही. विषारी वायू सुटतो.

दीड गुण कापला तो सुट्या विक्रीसाठी. दमट हवेत क्लोरीन उडतं, आणि दुकानात उघड्या पोत्यातून सुटी तोलून देतात ती निम्मी मेलेली असते. उत्पादनाची तारीख असलेलं बंद पाकीटच मागा. गोळे झालेली, वास न मारणारी पावडर परत करा.

लोळलेलं झाड यानं उठत नाही. कृषी केंद्रवाले पुढे करतात ती अँटिबायोटिकची पुडीही सडलेलं पेर बरं करत नाही. अशी झाडं उपटून वावराबाहेर न्या, धुऱ्यावर टाकू नका. आणि मका सरी-वरंब्यावर नसेल, उताराच्या बाजूला चर नसेल, तर 4 किलोचे पैसे चर काढणाऱ्या मजुराला द्या.